गावातल्या स्वयंपाकघरात भरगच्च फ्रूटकेक

क्रीमचा केक तालुक्याहून गावात आणायचा म्हणजे मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर खोका, आणि दर खड्ड्याला वरची गुलाबं थोडी थोडी एका बाजूला सरकलेली. घरी पोचेपर्यंत केकवरचं नाव वाचता येत नाही. फ्रूटकेकला ही भीती नाही. त्याला क्रीम लागत नाही, फ्रिज लागत नाही, आणि भाजल्या दिवसापेक्षा आठवड्याने तो जास्त चांगला लागतो. त्यातून विदर्भातला डिसेंबर त्याच्या सोयीचा. आंबिया बहाराची संत्री तोडीला आलेली असतात, हवा कोरडी असते, लोणी हातात वितळून जात नाही. नाताळासाठी तर तो हवाच, पण बारसं, साखरपुडा, आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, अशा कुठल्याही कार्याला तो चालतो. आठवडाभर आधी करून ठेवता येतो, म्हणून कार्याच्या दिवशी चूल मोकळी राहते.

करायला घेण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. यात मैदा २२५ ग्रॅम आणि सुका मेवा १ किलो. मैदा आहे तो मेवा धरून ठेवण्यापुरता. म्हणून स्पंजकेकचे नियम इथे लावू नका. तो फुगायला नको, हलका व्हायला नको, आणि तासाभरात भाजला तर हमखास बिघडतो. मेवा नीट मुरलेला आणि आच मंद, या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीच्या चुका हा केक पोटात घालतो.

सामान

हे माप ८ इंच व्यासाच्या, ३ इंच उंच डब्यासाठी आहे. तयार केक साधारण २ किलोचा होतो, इंचाइंचाचे तुकडे केले तर पन्नासेक निघतात.

काळे मनुके ४०० ग्रॅम, बेदाणे २५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, संत्र्याच्या सालीचा मुरंबा १०० ग्रॅम, चेरी किंवा टुटीफ्रुटी १०० ग्रॅम. काजू-बदाम मिळून १०० ग्रॅम. मैदा, लोणी आणि पिठीसाखर प्रत्येकी २२५ ग्रॅम. अंडी ५. संत्र्याचा रस १५० मिलीलीटर. मसाल्याला दालचिनीची पूड १ चहाचा चमचा, जायफळ आणि सुंठ अर्धा-अर्धा चमचा, लवंगा ४-५ कुटून. चिमूटभर मीठ, आणि रंगासाठी जळवलेल्या साखरेचा पाक, त्याची कृती पुढे येईल. बेकिंग पावडर अर्धा चमचा घातली तर चालते. मी घालत नाही.

घरात वजनकाटा नसेल तर वाट्यांचा हिशोब करत बसू नका. किराणा दुकानातूनच प्रत्येक जिन्नस याच वजनाचा पुडीत बांधून आणा. पुडी उघडायची आणि ओतायची, माप चुकायचा प्रश्नच येत नाही. मात्र साखर घरी दळणार असाल तर मिक्सरचं भांडं आधी हुंगून पाहा. ज्यात काल सावजी मसाला वाटला त्यात दळलेली साखर केकमध्ये गेली, तर जायफळ-दालचिनीचं काही चालत नाही.

घरचं लोणी उत्तम, पण त्यातलं ताक पूर्ण निघायला हवं. थंड पाण्यात धुवत राहा, पाणी नितळ दिसलं की घट्ट पिळून घ्या आणि मग वजन करा. विकतचं खारं लोणी असेल तर सामानातलं चिमूटभर मीठ घालू नका. लोणीच नसेल तर थिजलेलं कणीदार तूप १८५ ग्रॅम घ्या आणि ४० मिलीलीटर दूध वाढवा. लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून हा फरक.

गोंदिया-गडचिरोलीकडे वाळवलेली मोहफुलं वर्षभर घरात असतात. त्यातली १०० ग्रॅम मनुक्यांच्या जागी घालून पाहा. आतले केसर हाताने चोळून काढायचे, गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून निथळायची आणि बारीक चिरायची. गोडवा भरपूर, पण वास त्याचा त्याचाच असतो, म्हणून १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. काजूच्या जागी थोडी चारोळीही शोभते. ती महाग झाली आहे, वरून पेरण्यापुरती ठेवली तरी पुरे.

संत्र्याची साल

बाजारातल्या रंगीत टुटीफ्रुटीत मुख्यतः कच्ची पपई आणि साखर असते. तिने रंग येतो, चव येत नाही. या केकची खरी चव सालीत आहे, आणि ती साल वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात लोक उकिरड्यावर टाकतात. नागपुरी संत्र्याला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते फळाला. साल अजून फुकटच आहे.

शक्यतो अशा बागेतली संत्री घ्या जिथे शेवटची फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत आहे. कोमट मिठाच्या पाण्यात घासून धुवा. ६-७ संत्र्यांची साल मोठ्या फोडींत काढा आणि आतला पांढरा पापुद्रा चमच्याच्या कडेने खरवडून टाका. कडूपणा बराचसा तिथेच असतो. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल, म्हणून हलक्या हाताने, नाहीतर फाटते.

आता साल थंड पाण्यात टाकून उकळी आणा, दहा मिनिटं उकळू द्या, पाणी फेकून द्या. असं तीनदा करा. तिसऱ्या पाण्यानंतर एक तुकडा चावून बघा. थोडा कडवटपणा राहिलेला चालतो, तोंड वाकडं होत असेल तर चौथं पाणी. मग बारीक लांब पट्ट्या कापा. २०० ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी यांचा पाक उकळला की पट्ट्या त्यात सोडा आणि अगदी बारीक गॅसवर अर्धा-पाऊण तास ठेवा. पट्ट्या काचेसारख्या आरपार दिसू लागल्या की झालं. निथळून ताटात एक दिवस सुकू द्या, ऊन दाखवायची गरज नाही. उरलेला पाक बाटलीत भरून ठेवा, तो शेवटी लागणार आहे.

एवढं करायला वेळच नसेल तर दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसणीवर किसून केकमध्ये घाला. मुरंब्याची सर येत नाही, पण नुसत्या टुटीफ्रुटीपेक्षा कितीतरी बरं.

मेवा भिजवणे

जुनी पद्धत रम किंवा ब्रँडीत महिनाभर भिजवण्याची. ज्यांना चालते त्यांनी मेवा बुडेल एवढी रम घालून काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवावा, आठवड्यातून एकदा बरणी हलवावी. दारूमुळे मेवा टिकतो, खराब होत नाही.

पण वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरची २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ ला उठली. आणि बंदी नसलेल्या गावातही, ज्या केकचा तुकडा शेजारच्या माळकरी काकांना आणि शाळेतल्या पोरांना द्यायचा आहे तो बिनदारूचाच असलेला बरा. संत्र्याच्या रसातला केक कमी प्रतीचा असतो असं कोणी म्हणत असेल, तर त्यांनी बाटलीतला रस वापरला असावा.

रस हाताने किंवा लाकडी रसकाढणीने काढा. मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया फुटल्या की रस कडू होतो. नागपुरी संत्र्याचा रस नुसता ठेवला तरी कडवट होत जातो, म्हणून काढला की लगेच वापरायचा. मनुके, बेदाणे धुऊन पुसून घ्या, देठ काढा. खजूर आणि चेरी मनुक्याएवढ्या चिरा. हे सगळं गंजात, म्हणजे पातेल्यात, घेऊन वर रस ओता, मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, झाकण ठेवून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी मनुके फुगलेले आणि तळाला रस जवळजवळ संपलेला दिसेल.

रसात भिजवलेला मेवा एका रात्रीपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. रमची महिनाभराची पद्धत रसाला लावली तर दोन-तीन दिवसांत फेस येऊन आंबतो. आणि केकमध्ये घालण्याआधी मेवा चाळणीत अर्धा तास निथळू द्या. ही पायरी लोक गाळतात. मग केकच्या तळाशी ओला लगदा बसतो आणि दोष भट्टीला दिला जातो.

काळा पाक

केकला तपकिरी-काळा रंग आणि किंचित कडसर गोडी येते ती जळवलेल्या साखरेने. लोखंडी कढईत १०० ग्रॅम साखर, पाणी न घालता, मध्यम आचेवर. ती आधी कडेने वितळेल, मग मधासारखी होईल, मग काळ्या चहाच्या रंगाला येईल. हलका धूर सुटला की गॅस बंद करा आणि अर्धी वाटी गरम पाणी लांबून, थोडं थोडं घाला. ते जोरात उडतं. लहान मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. गुठळी झाली तर पुन्हा मंद आचेवर विरघळवा. थंड झाल्यावर यातले ३ मोठे चमचे केकला पुरतात.

डबा आणि कागद

केक तीन-साडेतीन तास आचेवर राहणार, म्हणजे कडा करपायची भीती. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, सरळ भिंतींचा डबा घ्या. आतून तूप लावून तळाला आणि बाजूंना बटरपेपरचे दोन थर द्या, बाजूचा कागद डब्याच्या वर दोन इंच राहू द्या. बाहेरून पोरांच्या वह्यांना घालतात त्या खाकी कागदाचे तीन-चार थर गुंडाळून सुतळीने बांधा. हे बाहेरचे कागद विजेच्या ओव्हनसाठी आहेत. जिथे निखारे किंवा ज्वाळ आहे तिथे कागद अजिबात नको, तिथे डबा दुसऱ्या मोठ्या डब्यात ठेवून मधल्या जागेत कोरडी वाळू भरा.

फेसणं आणि कालवणं

नानकटाईसाठी तूप परातीत तळहाताने फेसायची सवय असेल तर अर्धं काम तुम्हाला येतंच. लोणी आणि पिठीसाखर परातीत घ्या आणि तळहाताने गोल फेसत राहा, पंधरा-वीस मिनिटं. पिवळेपणा जाऊन ते पांढरं आणि हलकं झालं पाहिजे, थेंबभर पाण्यात टाकलं तर तरंगलं पाहिजे. डिसेंबरात सकाळी लोणी दगड झालेलं असतं, म्हणून परात आधी थोडा वेळ उन्हात ठेवा. चुलीजवळ नको, तिथे लोणी वितळतं आणि वितळलेलं लोणी फेसलं जात नाही.

अंडीही थंडगार नकोत, सालीसकट दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. एकत्र फेटून घ्या आणि दोन-दोन चमचे करत लोण्यात मिसळा. घाई केली तर मिश्रण नासल्यासारखं दाणेदार दिसू लागतं. तसं झालं तर मैद्याचा एक मोठा चमचा घालून फेसा, सावरतं. मग काळा पाक घाला.

मैदा, मसाले आणि मीठ दोनदा चाळून घ्या. त्यातला दोन मोठे चमचे मैदा निथळलेल्या मेव्याला आणि काजू-बदाम, संत्र्याची साल यांच्या तुकड्यांना चोळा. उरलेला मैदा मिश्रणात हलक्या हाताने मिसळा, इथून पुढे फेसायचं नाही. शेवटी मेवा. आता हाताला जोर लागेल, कारण हे पीठ घट्टच असतं. चमचा उलटा धरून झटका दिला तर एक गोळा थबकून पडावा. धार लागत असेल तर मेवा नीट निथळला नव्हता. अशा वेळी दोन चमचे मैदा वाढवून पुढे जा.

डब्यात दाबून भरा, कोपऱ्यात हवा राहायला नको. ओल्या हाताने वरून सपाट करा आणि मधोमध हलका खळगा करा, भाजताना मध्य थोडा वर येतो तेव्हा माथा सपाट राहतो. बदाम किंवा चारोळी आताच वर लावा.

आच

ओव्हन असेल तर १५० अंशांवर वीस मिनिटं तापवून घ्या. केक खालच्या जाळीवर, वर-खाली दोन्ही कॉइल चालू. पहिला तास १५० अंश, नंतर १४० अंश, सगळे मिळून सव्वातीन ते पावणेचार तास. अडीच तासांनी वरचा रंग गडद झाला तर कागदाचा चौकोन वर झाकून ठेवा. मध्ये वीज गेली तर दार उघडू नका. स्पंजकेक अशा वेळी बसतो, हा बसत नाही. आतली ऊब बराच वेळ टिकते, वीज आली की गेलेला वेळ वरून मोजायचा. पण तुमच्या गावात ठरल्या वेळेचं भारनियमन असेल तर ती वेळ टाळूनच सुरुवात करा, आणि विजेचा दाब कमी असताना ओव्हनचा आकडा १५० दाखवत असला तरी आतली आच तेवढी नसते हे लक्षात ठेवा.

ओव्हन नसेल तर जुना कुकर किंवा जाड बुडाचा गंज. तळाला इंचभर धुऊन वाळवलेली वाळू, वर रिंगण, त्यावर डबा. कुकरची शिटी आणि रबर काढून टाका. पाच लिटरच्या कुकरात ८ इंचाचा डबा जात नाही, त्यासाठी ६ इंचाचे दोन डबे करून मिश्रण अर्धं-अर्धं वाटा आणि एकामागून एक भाजा. दुसरा डबा तोवर थंड जागी झाकून ठेवला तरी चालतो, मात्र बेकिंग पावडर घातली नसेल तरच. कुकर मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग लहान बर्नर, सगळ्यात बारीक आच. ६ इंचाला दोन ते अडीच तास, मोठ्या गंजातल्या ८ इंचाला साडेतीन. कुकरात वरून आच नसते, म्हणून माथा फिकट राहतो. गंजावर जड परात उपडी ठेवून तिच्यावर शेवटचा अर्धा तास थोडे निखारे ठेवले की रंग येतो. ज्यांनी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले आहेत त्यांना वरची आच किती ठेवायची हे वेगळं सांगावं लागणार नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: बेकरीची भट्टी. दिवाळीआधी लोक नानकटाईचं पीठ जिथे भाजायला नेतात तिथेच आदल्या दिवशी जाऊन विचारून या. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी उतरत्या आचेवर असते, फ्रूटकेकला नेमकी तीच हवी. भट्टीवाल्या चाचांना सांगा की बिस्किटांच्या आचेवर नको, त्याहून खाली. खात्री करायची असेल तर पत्र्यावर चिमूटभर मैदा ठेवून आत सरकवा. मिनिटभरात काळा पडला तर अजून थांबा, पाच मिनिटांत फिका बदामी झाला तर डबा आत. भट्टीला काटा नाही, वेळ तीन ते चार तासांच्या मध्ये कुठेही येऊ शकते, म्हणून तिथे थांबायची तयारी ठेवून जा. आणि डब्यावर खिळ्याने खूण करा, सणाच्या दिवसांत एकसारखे दहा डबे असतात.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? विणकामाची सुई मधोमध खुपसून बाहेर काढा, तिला ओलं पीठ चिकटायला नको. मनुक्याचा गोड चिकटा लागला तर तो वेगळा, दुसऱ्या जागी टोचून पाहा. त्याहून भरवशाची खूण कानाची आहे. डबा बाहेर काढून कान जवळ न्या. आत बारीक चरचर, फसफस ऐकू येत असेल तर पाणी अजून आहे, परत आत ठेवा. आवाज जवळपास थांबला की केक झाला.

भाजल्यानंतर

डब्यातच राहू द्या, रात्रभर. गरम असताना काढला तर तुटतो. दुसऱ्या दिवशी कागदासकट बाहेर काढा, सुईने वरून पंधरा-वीस छिद्रं पाडा. रमवाल्यांनी दोन चमचे रम त्यात मुरवावी आणि दर आठवड्याला तेच करावं. असा केक महिना-दोन महिने राहतो. बिनदारूच्या केकमध्ये ताजा रस कधीही ओतू नका, बुरशी येते. त्याऐवजी तो सालीचा राखून ठेवलेला पाक थोडा आटवून, गरम असताना ब्रशने सगळीकडून एक हात द्या.

गुंडाळताना आधी बटरपेपर, मग अॅल्युमिनियमची फॉइल. फॉइल थेट केकला लागली तर फळांच्या आंबटपणाने तिला भोकं पडतात. मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि मुंग्यांसाठी तो डबा पाण्याच्या ताटलीत वाटीवर ठेवा. हिवाळ्यात बिनदारूचा केक १०-१२ दिवस छान राहतो. पावसाळ्यात चार-पाच दिवसांत संपवा किंवा फ्रिजमध्ये टाका. मे महिन्यात मात्र हा उद्योग करूच नये.

नाताळासाठी हिशोब असा: रमचा मेवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. रसाचा केक १७-१८ डिसेंबरला. कापायच्या आधी निदान तीन दिवस जाऊ द्या, त्याआधी मसाले वेगवेगळे लागतात आणि सुरीखाली चुरा होतो.

अंडी न चालणाऱ्या घरांसाठी: मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, साखर फक्त ५० ग्रॅम, ताक १५० मिलीलीटर, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा अर्धा चमचा. मेवा ६०० ग्रॅमच्या वर नको, अंड्याशिवाय मैद्याला १ किलो पेलवत नाही. सोडा असल्यामुळे हे मिश्रण ठेवून चालत नाही, कालवलं की लगेच आचेवर. १५० अंशांवर पावणेदोन तासांनी सुई घालून पाहायला लागा. हा केक ५-६ दिवसांत खाऊन टाका.

वरून सजवायचं असेल तर काजूकतलीचं पीठ लाटून माथ्यावर बसवा, खाली सालीच्या पाकाचा हात दिला की ते चिकटतं. आयसिंगची गरज नाही. पुण्या-मुंबईला पोरांकडे पाठवायचा असेल तर न कापता, अख्खा, फॉइलसकट डब्यात, आणि डब्यातली मोकळी जागा कागदाच्या बोळ्यांनी भरून पाठवा. कापलेला केक एस.टी.च्या टपावर कडेने सुकत जातो.